पाणी जिरणारं अंगण

गावच्या घरापुढचं अंगण कशाने करायचं, यावरून माझं आणि माझ्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, वर्षभर भांडण चाललं होतं. भांडण म्हणजे आवाज चढवून नव्हे. ते मला "मॅडम" म्हणायचे, आणि मी "नाना, तुमचं बरोबर आहे, पण" अशी सुरुवात करून त्यांचं काहीच कसं बरोबर नाही ते सांगायची. माझा नवरा दोघांच्या मध्ये बसून चहा प्यायचा.

मी जळगावला शाळेत भूगोल शिकवते. नवरा बँकेत आहे. सासर चोपड्याहून शिरपूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. तिथे थोरले जेठ, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, केळी-कापूस आणि घर सांभाळतात, आणि सासूबाई त्यांच्याकडेच असतात. मागे घराचा स्लॅब नानांनी घातला, तेव्हा अंगण आम्ही करायचं असं ठरलं होतं. अंगणात जुनी शहाबादी फरशी होती, एक वर तर एक खाली. पावसाचं पाणी घराच्या जोत्याला टेकून दिवस दिवस उभं राहायचं. भिंतीला गुडघाभर ओल चढलेली.

त्यात आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. सगळे भाऊबंद जमतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून रोट करतात (बायकांच्या नावाने मूठ का नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं आणि तेव्हापासून माझी ख्याती आहे), रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन नदीला नेतात. साठ-सत्तर माणसं. गेल्या वर्षी अंगणात इतका चिखल झाला, की पंगत समोरच्यांच्या ओट्यावर बसवावी लागली. सासूबाईंना ते फार लागलं.

"कोबा करा, ढाळ द्या, पानी गटारमा सोडा," नाना म्हणाले. "हाई काय भूगोल शे का?"

मला तेच तर पटत नव्हतं. सिमेंटचा कोबा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मेच्या उन्हात तो इतका तापतो, की रात्री दहा वाजताही त्यावर बाज टाकता येत नाही. गल्लीतल्या प्रत्येकाने कोबा करून पाणी गटारात सोडलं, म्हणून तर पावसात गटारं घरात येतात आणि चैत्रात हातपंपाला नुसती हवा येते. मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवते, पाणी अडवा, पाणी जिरवा, आणि माझ्याच दारात मी ते हाकलून लावू?

म्हणून मी शोधायला लागले. जळगावात फरशीची दुकानं पालथी घातली. कोटा गुळगुळीत, ओल्या पायाने म्हातारी घसरायची. शहाबादी पुन्हा नको. नुसता मुरूम टाकून दाबला तर दोन पावसात वाहून जातो. शेवटी भुसावळच्या रस्त्यावर एका कारखान्यात राखेचे ब्लॉक मिळाले, आठ सेंटिमीटर जाडीचे, ट्रॅक्टर उभा राहिला तरी फुटणार नाहीत असे. खाली खडी, तिच्यावर दगडाची कच, तिच्यावर ब्लॉक, आणि ब्लॉकच्या सांध्यांत सिमेंट न भरता बारीक खडी. पाणी सांध्यांतून खाली उतरतं आणि जमीन ते पिते. मी कागदावर थर काढून सगळ्यांना दाखवले.

"शेतनी काळी माती पानी पीस ना, तवय फुगस," नाना म्हणाले. "घर तडकी जाई."

"नाना, तुमचं बरोबर आहे, पण गावठाण काळ्या मातीवर नाही. इथे खाली पांढरी आहे. ती फुगत नाही."

नानांनी माझा कागद घडी करून मला परत दिला. खरं सांगायचं तर तो माझ्या आयुष्यातला एक सुखाचा क्षण होता.

मे महिन्यात काम काढलं. मिस्त्री धुळ्याचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. फरशी उखडल्यावर मी त्यांना म्हटलं, आधी फूट-फूट खोल तीन खड्डे घ्या आणि प्रत्येकात बादलीभर पाणी ओता. जमीन किती पाणी पिते ते बघायचं होतं. शाळेत मी हा प्रयोग मुलांकडून करून घेते. फाटकाजवळच्या खड्ड्यातलं पाणी उतरायला पाऊण तास लागला. जोत्याजवळ तेवढाच. तिसरा खड्डा अंगणाच्या मध्याच्या थोडा डावीकडे होता. तिथे पाणी ओतलं आणि वेळ मोजायला मी मोबाइल उघडेपर्यंत खड्डा रिकामा झाला होता.

मी दुसरी बादली ओतायला लावली. तीही गेली.

"इतलं पानी कथा गयं?" मिस्त्रींनी टोपी मागे सारून विचारलं.

"जमिनीत," मी म्हटलं आणि अक्षरशः टाळी वाजवली. तिसऱ्या बादलीचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. नानांनी नुसता अंगठा टाकला. मग मी माझ्या हुशारीची कमाल केली: सगळ्या अंगणाचा ढाळ त्या तिसऱ्या खड्ड्याच्या जागेकडे द्यायला सांगितला. गच्चीचा पाइपही तिकडेच वळवला. जिथे पाणी सर्वांत चांगलं जिरतं, तिथेच सगळं पाणी न्यायचं. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी दोनदा "नक्की" म्हटलं.

अंगण सुंदर झालं. आषाढात जोराचा पाऊस आला तेव्हा जाऊबाईंनी व्हिडिओ पाठवला, एक थेंब उभा नव्हता. भिंतीची ओल वाळायला लागली होती. मी तो व्हिडिओ स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला.

पंधरा दिवसांनी आम्ही गावी गेलो तेव्हा त्या जागी ब्लॉक बोटभर खाली बसले होते. नाना फाटकाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"नाचता येईना, आंगन वाकडं," ते म्हणाले.

"पहिल्या पावसात कच बसतेच," मी म्हटलं. मिस्त्रींना बोलावून तेवढे ब्लॉक काढले, कच टाकली, पुन्हा बसवले.

कानबाईच्या आधीच्या गुरुवारी मी रजा टाकून माझ्या मुलीला घेऊन पुढे आले. ती चौदा वर्षांची, नववीत. नवरा शनिवारी येणार होता. नाना शिरपूरला बाजाराला गेले होते. अंगणात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. त्याच जागी परातीएवढा खळगा पडला होता, चांगला वीतभर. मी जाऊबाईंना काही बोलले नाही. मिस्त्री जवळच्याच गावात काम करत होते, त्यांना फोन केला. मोटरसायकलवर अर्ध्या तासात आले.

त्यांनी ब्लॉक काढले. खालची खडी जाग्यावर नव्हती, नुसती ओली माती होती. त्यांनी पहार उभी धरून मातीत मारली. एक फूट गेली. दुसऱ्यांदा मारली, दोन फूट. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावलाच नाही, पहार आपोआप हातातून खाली सरकली आणि त्यांनी ती कशीबशी वरून पकडली. ते तसेच वाकून राहिले.

"ताई," ते हळू म्हणाले, "खाले पोकळ शे."

मी त्यांच्या हातातून पहार घेतली आणि स्वतः खाली सोडून पाहिली. तिला खाली काहीच लागत नव्हतं. मी ती ओढून वर काढली.

"आतेच उकरी काढा लागी. भरा लागी," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर कोनी तरी जाई त्यामा."

मला सगळं समजत होतं. आजच्या आज नानांना सांगायला हवं, चार माणसं लावून उकरायला हवं, मुरूम मागवायला हवा. पण रविवारी देवी बसणार. म्हणजे कानबाईच्या तोंडावर माझं अंगण उकरलेलं, चिखलाचा ढीग दारात, आणि साठ माणसांत नाना प्रत्येकाला हसून सांगणार, मॅडमनी पानी जिरवं. मला ते दिसायला लागलं. त्यांचा तो हसरा चेहराच दिसायला लागला. आणि मी म्हटलं,

"सोमवारी दुपारी उघडू. देवी गेली की लगेच. तोपर्यंत कोणाला काही बोलू नका."

मिस्त्रींनी पहार पुसून बाजूला ठेवली. मग कोपऱ्यात रचलेली एक जुनी शहाबादी फरशी आणून त्या जागेवर आडवी टाकली, वर कच पसरली, ब्लॉक बसवले. जाताना म्हणाले, "आठे गाडी उभी करू देऊ नका ताई. मानसंबी नको." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी रंगाच्या जुन्या डब्यांत लावलेली सदाफुली आणि कोरफड आणून त्या जागेवर गोल मांडली.

नाना संध्याकाळी आले. कुंड्यांकडे बघत उभे राहिले.

"कुंड्या आठे कसाले?"

"शोभा दिसते," मी म्हटलं.

ते हातपाय धुवायला गेले. नेहमी ते काहीतरी बोलतात.

शुक्रवारी सकाळी सासूबाई रोटाचे गहू निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून सूप हातात घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आपल्या अंगणात पूर्वी काय होतं?"

"गोठा व्हता. आनि पेव व्हतं ना, दाना ठेवाले."

माझ्या हातातलं सूप थांबलं. पेव मी ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. पूर्वी गावठाणच्या पांढऱ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात वर्षाची ज्वारी साठवत. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढं, आणि आत पोट रुंद. पांढरीला भेगा पडत नाहीत, ओल धरत नाही, म्हणून धान्य टिकायचं. मी मुलांना पांढऱ्या मातीचे हेच गुण सांगते. माझ्या घराखाली त्या मातीचं लोकांनी काय केलं असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"कुठे होतं?"

त्यांनी हात अंगणावरून असा फिरवला, की सगळं अंगणच त्यात आलं. "आठेच कथी तरी. तुना सासरानी ते बुजाडी टाकं. आते गोठाबी नही, काहीच नही, काय ध्यानमा राही?"

"पूर्ण भरलं होतं का?"

"तुना जेठले इचार. तो न्हानपने उतरे त्यामा."

म्हणजे सगळ्या घरात एकाच माणसाला ती जागा ठाऊक होती. लहानपणी दोर बांधून त्यालाच आत सोडत. तो माणूस दहा पावलांवर बैलांना पाणी दाखवत होता. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन गहू निवडायला बसले. माझं मन मला सांगत होतं, भरलेलं आहे, नुसती माती सैल झाली आहे. पहार दुसरंच सांगून गेली होती. आज लिहितानाही मला त्या बाईचा, म्हणजे माझा, संताप येतो.

शनिवारी पाऊस लागला. मोठा नव्हता, पण थांबत नव्हता. गच्चीचं सगळं पाणी पाइपातून त्या कुंड्यांकडे जात होतं आणि दिसेनासं होत होतं. मी पाइपाचं तोंड फाटकाकडे वळवलं. थोड्या वेळाने पाहते तो कोणी तरी ते परत होतं तसं केलेलं. नवरा आला, त्याने मोटरसायकल नेमकी कुंड्यांना खेटून लावली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "तिथे नको!" त्याने विचारलं, "का?" मी म्हटलं, "माझी सदाफुली मोडेल." त्याने गाडी हलवली. वीस वर्षांत त्याने माझ्या सगळ्या हुकमांना कारण विचारणं सोडलेलं आहे, आणि त्या दिवशी त्याने सोडलं नसतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळपासून माणसं यायला लागली. मी चुलीपाशी बसून पुरण वाटत होते आणि डोळे खिडकीतून अंगणात होते. पोरं कुंड्यांभोवती पळत होती. मी दर पाच मिनिटांनी उठून त्यांना हाकलत होते. जाऊबाई म्हणाल्या, "पोरांवर का चिडचिड करते? सण आहे." पंगत बसली तेव्हा मी स्वतः पत्रावळींची ओळ कुंड्यांना वळसा घालून मांडली. सगळ्यांनी अंगणाचं कौतुक केलं. एका चुलतसासऱ्यांनी ब्लॉकवर टाच आपटून पाहिली, "काम भारी करेल शे." मी हसले.

मी मनातल्या मनात तास मोजत होते. रविवारची दुपार गेली. संध्याकाळ गेली. गाणी झाली. सोमवारची सकाळ उजाडली, पाऊस थांबला, आणि मी मिस्त्रींना फोन करून बारा वाजता माणसं घेऊन यायला सांगितलं. आता फक्त देवी निघायची होती. मला वाटलं, सुटले.

सासूबाईंनी मला आत बोलावलं. आरतीच्या ताटात कापूर नव्हता, तो कुठे ठेवला ते मलाच माहीत होतं. कापूर सापडायला पाच मिनिटं लागली असतील. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, बायकांच्या फुगड्या चालल्याचा आवाज येत होता, टाळ्या, हसणं. मी ताट घेऊन बाहेर आले.

कुंड्या भिंतीला लावलेल्या होत्या. जागा हवी म्हणून कोणी तरी ओळीने नीट मांडून ठेवल्या होत्या. बायकांचं रिंगण मागे सरत होतं, आणि रिंगणाच्या मधून नाना येत होते, डोक्यावर चौरंग, चौरंगावर कानबाई. आमच्याकडे देवी थोरला मुलगा उचलतो. अंगणाच्या मध्यात तो थांबतो आणि घरच्या सुना त्याच्या पायांवर पाणी घालतात, मग तो फाटक ओलांडतो. नाना थांबले. दोन्ही हात वर, चौरंगाला धरलेले, त्यामुळे त्यांना खाली बघता येत नव्हतं. ते नेमके तिथेच उभे होते.

जाऊबाईंनी तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर ओतलं. मग दुसरीने ओतलं. मग तिसरीने. मी बघत होते. पाणी त्यांच्या पायांवरून ब्लॉकवर आलं आणि कुठेच पसरलं नाही. आजूबाजूचे ब्लॉक ओलेसुद्धा झाले नाहीत. तीन तांबे पाणी त्यांच्या पायांखाली सरळ खाली गेलं.

माझ्या हातातून ताट पडलं.

"नाना, हलू नका! खाली पेव आहे! पोकळ आहे खाली!"

वाजंत्री एकदम थांबली नाही, डफ दोन-तीन ठोके वाजत राहिला. मग सगळं गप्प झालं. नानांचा चेहरा मी समोरून पाहिला. त्यांनी मला "काय?" असं विचारलं नाही. त्यांना एका शब्दात समजलं. त्यांनी पाय उचलला नाही, वजनही हलवलं नाही.

"पहिले देवी घ्या," ते म्हणाले. "लांबूनच. कोनी जवळ येऊ नका."

माझ्या नवऱ्याने आणि एका चुलतदिराने लांबूनच हात पुढे करून चौरंग धरला. तो त्यांच्या डोक्यावरून सुटला, देवी हलली, सासूबाई मोठ्याने देवीचं नाव घेत होत्या. चौरंग पलीकडे गेला. नानांनी हात खाली घेतले आणि उजवा पाय मागे सरकवायला लागले, तेवढ्यात खालून फरशी तुटल्याचा कट्ट आवाज आला. त्यांचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. ते पालथे पडले आणि दोन्ही हातांनी ब्लॉक धरले. तिघांनी त्यांचे दंड धरून त्यांना ओढलं. ते बाहेर आले आणि त्यांच्यामागे सात-आठ ब्लॉक एकामागून एक आत गेले. ते खाली आपटल्याचा आवाज यायला वेळ लागला. तो वेळ अजूनही माझ्या कानात आहे.

बैलगाडीच्या चाकाएवढं तोंड उघडं पडलं होतं. आतून कुबट, जुन्या कोंड्याचा वास येत होता. वरचा गळाच तेवढा मातीने भरलेला होता. खालचं पोट रिकामंच राहिलेलं, आणि अडीच महिने सगळ्या घराचं पाणी मी त्या गळ्यावर सोडत होते.

देवी वेळेवर निघाली. ती थांबवत नाहीत. चुलतदिरांनी चौरंग घेतला, सगळी माणसं जोत्याकडच्या कडेने, भिंतीला अंग घासत बाहेर पडली. नानांची मांडी सोलली होती, ते ओट्यावर बसून राहिले. मी पाणी घेऊन गेले. ते माझ्याशी नेहमी घरच्या बोलीत बोलतात. त्या वेळी ते शुद्ध बोलले, परक्या माणसाशी बोलावं तसं.

"कधीपासून माहीत होतं?"

"गुरुवारपासून," मी म्हटलं. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "आज दुपारी उघडणार होते."

त्यांनी पाणी घेतलं नाही. खाली बघत म्हणाले, "मला मे महिन्यापासून. तुम्ही व्हिडिओ टाकला ना, तेव्हाच कळलं, हे पेवाच्या तोंडावर आलं म्हणून."

मला आधी समजलंच नाही ते काय म्हणतायत.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, बाबांनी भरलेलं आहे. पाणी लागलं की दोन-चार ब्लॉक बसतील. तुमचा ताठा उतरेल. एवढंच वाटलं."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत बसलो. मी त्यांना हरवायला गप्प होते, ते मला हरवायला गप्प होते, आणि साठ माणसं दोन दिवस आमच्या त्या गप्प बसण्यावरून चालत होती. मला त्यांचा राग आला, दया आली, आणि सगळ्यांत जास्त माझीच शिसारी आली.

दुपारी मिस्त्री माणसं घेऊन आले. तोंड मोकळं करून दिवसभर उघडं ठेवलं, जुन्या पेवात वाईट हवा असते म्हणून कोणाला वाकू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मोठे दगड, मग मुरूम, थरावर थर, प्रत्येक थराला पाणी आणि वरून धुमसाचे ठोके. नानांनी सगळा मुरूम स्वतःच्या ट्रॅक्टरने आणला. अंगण पुन्हा ब्लॉकचंच केलं, कारण ब्लॉकचा काही दोष नव्हता. ढाळ मात्र फाटकाकडे दिला, आणि पाणी घरापासून लांब, कुंपणाच्या कडेला एका चरात जिरतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी, माणसं नदीवरून परत यायच्या आधी, मी ओट्यावरून उठून वळले तेव्हा माझी मुलगी दारात उभी होती. तिच्या हातात मघाशी सांडलेल्या आरतीचं ताट होतं, तिने ते वेचून पुसून आणलं होतं. तिचे केस फुगड्यांनी विस्कटलेले, गाल अजून लाल. आमचं बोलणं तिने ऐकलं होतं.

"आई, तू कापूर शोधत होतीस ना," ती म्हणाली, "तेव्हा मी आणि चुलतवहिनी तिथेच फुगडी घालत होतो. कुंड्या मीच उचलल्या."

मी भिंतीशी ओळीने लावलेल्या कुंड्यांकडे पाहिलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं.

तिने ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली.